रत्नमालाचं बिनकुलपाचं वाचनालय

मेडशीच्या बसथांब्यासमोर रत्नमालाचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाची टपरीच. आत एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर आणि एक लॅपटॉप. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे वायर जरा हलली की तो मान टाकतो. सातबारा, दाखला, आधारची प्रत, परीक्षेचा अर्ज, या ना त्या कामाने सगळं गाव तिच्या काउंटरपुढे येऊन उभं राहतं. माहेर अनसिंगचं. वाशीमच्या कॉलेजात बीसीए केलं आणि निकाल हातात पडायच्या आत लग्न होऊन मेडशीला आली. नवरा संघदीप अकोल्याला एका गोदामात कामाला, रविवारी तेवढा घरी. एरवी घरात ती आणि सासू चंपाबाई.

रत्नमाला भांडत नाही, आवाज चढवत नाही. तिला कोणी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की ती मान जराशी कलती करते आणि म्हणते, "बरं." नव्या माणसाला वाटतं, ऐकलं बिचारीनं. चंपाबाईंना मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. बसथांब्यावर गडीमाणसं उभी असतात, तिथं सुनेनं दुकान टाकू नये, असं त्या म्हणाल्या होत्या. सून "बरं" म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी टिनं उतरली. तेव्हापासून चंपाबाई शेजारणींना सांगतात, "हे बरं म्हणली का समजा, आता काई खरं नाई."

वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली आहे. ते पंजाबरावांचं वाचनालय. पंजाबराव पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, विहार समितीचे अध्यक्ष. माणूस कष्टाळू. खोलीसाठी त्यांनी घरोघर फिरून विटा गोळा केल्या होत्या. लोखंडी कपाट अकोल्याहून बसच्या टपावर टाकून आणलं, तेव्हा प्रत्येक थांब्यावर खाली उतरून ते जागेवर आहे ना हे पाहिलं होतं. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का, आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर पुन्हा शिक्का. पुस्तकांवर त्यांचा जीव होता, पण तो पुस्तकं कपाटात असेपर्यंत. पुस्तक कोणाच्या पिशवीत गेलं की त्यांना झोप लागत नसे.

गावाशेजारच्या तांड्यावरची निता ही त्यांच्या झोपेची खरी वैरीण. सेवालाल आणि रुपाबाईची ही थोरली मुलगी. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती आणि तिला तलाठ्याची परीक्षा द्यायची होती. दिवाळी झाली की सगळं घर ऊसतोडीला जायचं, निताही. त्या वर्षी जाताना तिनं वाचनालयातली दोन पुस्तकं सोबत नेली आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत आणून दिली. पंजाबरावांनी एक पुस्तक उचललं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि खोलीच्या दारात उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायला लागले.

"पाहा, पाहा! हे पुस्तक हाय का भाकर हाय? दोन्ही बाजूनं भाजली!"

"काका, फडावर पाचटाच्या कोपीत रायतो आमी, चूल बाजूलेच असते," निता म्हणाली. "धूर लागला थोडा. पण वाचलं म्या पूर्ण."

दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला: जो बारा महिने गावात राहील त्यालाच पुस्तक मिळेल. आणि कडीला नवं कुलूप.

रत्नमालानं तो कागद वाचला आणि तशीच पंजाबरावांच्या ओट्यावर गेली. ते नात्यानं सासऱ्यांच्या पिढीतले, म्हणून ती त्यांना मामाजी म्हणायची.

"मामाजी, तिनं परत आणून तर देलं ना."

"आणलं. पण कसं आणलं?"

"वाचून आणलं. तुमच्या कपाटातले बाकीचे तर कोरेच हायत."

पंजाबरावांना हे लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सूनबाई, वाचनालयाले खोली लागते, कपाट लागते, कुलूप लागते, अध्यक्ष लागते. जिचं घरच सहा महिने बंद रायते, तिले पुस्तक कोण्या भरवशावर द्यावं? अन् हे आपल्या लोकायचं वाचनालय हाय. तांड्यानं आपलं तांड्यात पाहावं."

"म्हणजे निताले पुस्तक नाई."

"नाई."

"बरं," रत्नमाला म्हणाली.

पावसाळ्यात दुकानाला गिऱ्हाईक कमी असतं. ते दिवस रत्नमालानं लॅपटॉपपुढे काढले. तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट बसली होती. वस्तीतली माणसं दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जातात आणि येताना एक तरी पुस्तक घेऊन येतात. कपडा नाही घेतला तरी चालेल, पुस्तक पाहिजे. वर्षानुवर्षं ही रीत चाललेली, त्यामुळे घराघरात पेट्या भरलेल्या. पंजाबरावांच्या कपाटात नाहीत इतकी पुस्तकं वस्तीतल्या खाटांखाली होती. म्हणजे वाचनालय गावात होतंच. ते घरोघर पसरलेलं होतं, इतकंच. कोणतं पुस्तक कोणाकडे, हे विचारलं तर सांगणारं कोणी नव्हतं. खोली नको होती, कपाट नको होतं. उत्तर देणारं कोणीतरी हवं होतं.

तेच तिनं बांधायला घेतलं. कंप्यूटरवाले त्याला एपीआय म्हणतात. बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखी ती एक खिडकी असते. आत कोणी जात नाही, बाहेरून प्रश्न टाकायचा, आतून नेमकं उत्तर येतं. मोबाईलवर एक पत्ता उघडायचा, पुस्तकाचं नाव लिहायचं, आणि 'रुखमाबाईंच्या घरी, विहिरीजवळ' एवढी एक ओळ परत यायची. ॲप घ्यायचं नाही, खातं काढायचं नाही. वीस-पंचवीस ओळींचा कोड होता. व्हिडिओ पाहून, चुकून, पुन्हा लिहून तिनं तो जमवला. मधे वायर हलून लॅपटॉप बंद पडला की ती एक उसासा टाकायची आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायची.

"पण हे यंत्र ठेवलं कुठी तू?" चंपाबाईंनी एकदा विचारलं. "लाइट किती येईन त्याचं?"

"आपलं यंत्रच नाई, आत्याबाई. मोठ्या कंपन्यायचे कंप्यूटर तिकडं चालूच रायतात. आपला कोड तिथं निजून रायते. कोणी हाक मारली का उठते, उत्तर देते, पुन्हा निजते. जेवढा वेळ जागा असते तेवढंच भाडं. आपलं काम इतकं लहान हाय का तेवढं फुकटातच होते."

चंपाबाईंनी विचार केला. "म्हणजे आपल्या जावयासारखं. हाक मारली का उठते, खाते, पुन्हा निजते."

"जावई उत्तर देत नाई, आत्याबाई," रत्नमाला म्हणाली, आणि दोघी बराच वेळ हसल्या.

पुस्तकं लिहून घ्यायला ती निताला घेऊन घरोघर गेली. पेट्या उघडल्या. डांबरगोळ्यांचा वास, लग्नपत्रिकेचे कागद घातलेली पुस्तकं, काहींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. "नावं लिहा, पण पुस्तक पायजे असन त घरी येऊन न्या," बाया म्हणायच्या. "चहा घेऊन जा म्हणा." निताच्या घरची दोन पुस्तकंही त्यात आली, 'निता, तांडा, लाल दाराचं घर' अशी. फक्त एका घरानं नकार दिला. ते तिचं स्वतःचंच घर.

"माह्या पेटीले हात नको लावू," चंपाबाई म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. रत्नमालानंही या वेळी "बरं" म्हटलं नाही, नुसती मान हलवली.

काउंटरवर क्यूआर कोडचा, चौकटीतल्या ठिपक्याठिपक्यांचा कागद चिकटला, मोबाईल धरला की पत्ता उघडायचा. आधी शाळेतल्या मुली विचारायला लागल्या, मग त्यांच्या आया. कोणाच्या तरी घरी पुस्तक आणायला जाणं आणि चहा पिऊन येणं, असं सुरू झालं. पुस्तक ज्या घरी जाई, त्या घराचं नाव रत्नमाला त्याच्यापुढे लिहून ठेवायची. समोरच्या हॉटेलात बसून पंजाबराव हे पाहत होते. दोनदा त्यांचा चहा थंड झाला.

दिवाळी गेली. तांड्यावर ट्रक आला आणि सेवालालचं घर दाराला कुलूप लावून ऊसतोडीला गेलं. पुढच्या रविवारी संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर पंजाबरावांनी सगळ्यांना थांबवून घेतलं.

"सूनबाईनं वाचनालय काढलं म्हणतात. चांगलं हाय. आज आपण त्याची परीक्षा घेऊ. माह्या वाचनालयात एका टायमाले दोन माणसं आले त मी घाबरतो. हे किती झेपवते पाहू. सगळे आपापले मोबाईल काढा. मी तीन म्हणलं का सगळ्यायनं एकदम विचारा."

लोकांनाही गंमत वाटली. मोबाईल निघाले. पंजाबरावांनी एक, दोन, तीन म्हटलं, आणि विहारभर बोटं दाबली गेली.

काहीच आलं नाही. पडद्यांवर नुसतं चाक फिरत होतं.

"निजलं!" पंजाबराव म्हणाले. "वाचनालय निजलं वो!"

रत्नमालाला माहीत होतं, बराच वेळ कोणी विचारलं नसलं की पहिल्या हाकेला उठायला कोडला दोन श्वास जास्त लागतात. माहीत असूनही ती मनात आकडे मोजत होती. मग एका कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "आलं!" लगेच दुसरीकडून, "मलेबी आलं!" आणि पाहता पाहता सगळ्यांच्या हातात उत्तर होतं. विचारणारे जितके, तितक्या खिडक्या आपोआप उघडतात, ही त्याची गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. आता सांगायची गरज उरली नाही.

पंजाबराव हलले नाहीत. त्यांचा खरा प्रश्न अजून बाकी होता. "बरं मंग. राज्यघटनेवरच्या भाषणांचा तो जाड खंड. रुखमाबाईचा. तो कुठी हाय, विचारतो." त्यांनी सावकाश बोट चालवलं आणि आलेलं उत्तर मोठ्यानं वाचलं. "निता, तांडा, लाल दाराचं घर." चष्म्यावरून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "चला मंग, जाऊ. दार वाजवू. उघडते का पाहू कोणी."

हशा पिकला. ट्रक गेलेला सगळ्यांनी पाहिला होता.

रुखमाबाई उठल्या. त्या गरीब स्वभावाच्या, पण तो खंड त्यांनी मुलाची आठवण म्हणून जपला होता. "म्हणजे माह्यं पुस्तक गेलं का वो? मंग माह्यं घर काढ त्याच्यातून, माय." मागून आणखी दोघी म्हणाल्या, आमचंही काढ.

"ऐकलं?" पंजाबराव आता हळू बोलत होते, आणि तेच जास्त बोचत होतं. "तांड्यावरचे नावं काट, अन् त्या यंत्राची किल्ली समितीजवळ दे. पुढच्या रविवारी सांग. नाईतर सगळे घरं आपली पुस्तकं काढून घेतील, मंग तुह्या खिडकीत तूच बस."

सगळे रत्नमालाच्या 'बरं'ची वाट पाहत होते. ते आलं नाही. चारचौघांत असं पहिल्यांदाच घडलं.

तिला राग पंजाबरावांचा आला नव्हता, स्वतःचा आला होता. चूक तिचीच होती. इथं माणसाची ओळख विचारताना 'कोणाच्या घरचा' असंच विचारतात, म्हणून तिनंही प्रत्येक पुस्तकापुढे घर लिहिलं होतं. घर जागचं हलत नाही, आणि वाचणारी माणसं हलतात. तिनं कुलूप तोडायला वाचनालय काढलं आणि तांड्यावरचं कुलूप स्वतःच त्यात लिहून ठेवलं. पंजाबरावांच्या दारावरचा कागद आणि तिचा कोड एकच गोष्ट सांगत होते: जागचा हलला तो आपला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊसतोडीतल्या बाया भाकरीला बसतात त्या वेळी, तिनं निताला फोन लावला.

"वहिनी, कळलं मले," निता म्हणाली. तांड्यावर गेलेली बातमी फडावर पोचायला वेळ लागत नाही. "माह्यं नाव काढा तुमी. माह्यापायी तुमचं काहून बिघडवता?"

"नाव काढायचं मले कोणी शिकवलंच नाई. तू इतकंच सांग, पुस्तक कुठी हाय?"

"इथंच हाय. गोणपाटात बांधलं, चुलीपासून दूर. यावर्षी धूर लागू देत नाई."

"वाचते कोण?"

"मी वाचतो. दुपारी बाया ऐकतात, माही याडी, माय बी ऐकते. मुकादमबी ऐकते, पण पाठ करून बसते, ऐकत नाई असं दाखवते."

रत्नमाला हसली आणि कामाला लागली. घराची जागा तिनं कोडमधून काढूनच टाकली. तिथं तीन गोष्टी आल्या: पुस्तक कोणाजवळ, ती व्यक्ती सध्या कुठे, आणि परत कधी. शिवाय आणखी एक खिडकी उघडली. ज्याच्या हातात पुस्तक आहे त्यानं आपलं ठिकाण स्वतःच कळवायचं, कोणाला विचारायचं नाही. पहिलं ठिकाण निताने कळवलं. लॅपटॉपची वायर त्या दिवशी एकदाही हलली नाही.

रविवारी विहार भरला होता. पंजाबरावांनी उभं राहून तोच प्रश्न टाकला आणि उत्तर वाचताना त्यांचा आवाज मधेच अडखळला. "निताजवळ. उसाचा फड, कराडच्या बाजूला. होळीनंतर गावी. एखादं पान हवं असेल तर कळवा, फोटो पाठवते."

"पुस्तक गेलं नाई, रुखमाआत्या," रत्नमाला म्हणाली. "वाचणं चालू हाय त्याचं. इथं पेटीत होतं तवा एकजणबी वाचत नव्हता. तिथं दुपारी पूर्ण टोळी ऐकते."

"हे काई नाई," पंजाबराव म्हणाले. "कोणीबी उठून आपलं ठिकाण लिहीन, कोणीबी बदलन, मंग अध्यक्ष कायले? किल्ली दे."

"किल्ली हाय, मामाजी, पासवर्ड म्हणतात तिले. एक माह्याजवळ, एक निताजवळ. तुमालेबी देतो. पण त्या किल्लीनं दार फक्त उघडते. नाव काटता येत नाई. तशी सोयच ठेवली नाई म्या. तुमाले घरं काढून न्यायची असतील त न्या. मी एकटी राहीन खिडकीत, अन् निताचं नाव माह्यासंगं राहीन."

रुखमाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून चंपाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सभेत त्या कधी बोलत नसत.

"दुष्काळाच्या साली आमी खडी फोडाले गेलतो, पुसदच्या बाजूले. त्याच्या आधी इथं बायायचा वर्ग चालू होता. मले अक्षरं येत होती, जोडता येत नव्हती. परत आलो त माह्यं नाव काटलेलं. म्हणे हे गावात रायत नाई, हिले कायले शिकवता." त्या पंजाबरावांकडे पाहत नव्हत्या, समोरच्या भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत होत्या. "तवापासून सही येते, बाकी काई येत नाई. दरसाल नागपूरहून पुस्तक आणतो. जाड पाहून आणतो. आत काय हाय मले ठाऊक नाई, म्हणून कोणाले हात लावू देत नाई. कोणी वाचलं अन् मले विचारलं, आत्या, हे कसं वाटलं तुमाले, त मी काय सांगू?"

मग त्यांनी कनवटीला लावलेली पेटीची किल्ली काढून सुनेच्या हातात दिली. "लिही माह्ये सगळे. अन् एक त्या उसात धाडून दे. त्या पोरीचं नाव काटाचं असन त पंजाबराव, आधी माह्यं काटा. एकदा काटलंच हाय, दुसऱ्यांदा काटा."

सगळ्यांत आधी रुखमाबाई बोलल्या. "माह्यं घर राहू दे वो, रत्ना."

पंजाबरावांनी मोबाईल खिशात टाकला आणि ते निघून गेले. खोलीचं कुलूप तसंच होतं. ते त्यांनी आजही काढलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

पण संविधान दिन जवळ आला होता आणि दरवर्षी भाषण त्यांचंच असे. कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी ते दुकानापुढे आले आणि गिऱ्हाईक सरेपर्यंत बाजूला उभे राहिले.

"तो खंड पायजे होता. बंधुत्वावरचं भाषण हाय त्याच्यात."

"विचारा ना मंग खिडकीले."

"ठाऊक हाय कुठी हाय ते. तू फोन लाव तिले."

"तुमीच लावा, मामाजी. वाचक तुमी हायत."

पंजाबरावांनी घसा साफ केला आणि फोन लावला. "हॅलो. निता का? मी... पंजाबराव बोलतो."

पलीकडे कोयत्यांचा आवाज येत होता. मग निताने विचारलं, "काका, कोणतं पान पायजे?"

दुपारी फोटो आले. अक्षरं स्वच्छ होती. पुस्तक उसाच्या मोळीवर उघडं ठेवलेलं आणि वाऱ्यानं पान उडू नये म्हणून एका कडेला निताचा अंगठा दाबलेला. अंगठ्याला मळकी चिंधी बांधलेली, नखात उसाचा काळा मळ. शब्द एकही झाकला नव्हता. पंजाबरावांनी पडदा जवळ घेऊन पाहिला.

"बरोबर हाय. प्रिंट काढ. हा अंगठा तेवढा काटून टाक."

रत्नमालानं मान जराशी कलती केली. "बरं," ती म्हणाली.

पंजाबराव गावात जन्मले, गावात म्हातारे झाले, पण त्या एका शब्दाचा अर्थ त्यांनी चंपाबाईंना कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात तसबिरीला हार घालायची वेळ झाली तेव्हा तिनं कागद गुंडाळी करून त्यांच्या हातात दिला. माईकपुढे उभं राहून त्यांनी गुंडाळी सोडली. कागद नेहमीच्या दुप्पट मोठा होता. अक्षरं त्यांच्या डोळ्यांना सोसतील इतकी मोठी झाली होती, आणि अंगठाही तितकाच मोठा झाला होता. सकाळच्या उन्हात तो पुढच्या रांगांना कागदाच्या पाठीमागूनसुद्धा दिसत होता.

पंजाबराव थांबले. त्यांनी शेवटच्या रांगेत पाहिलं. रत्नमाला तिथं हात बांधून उभी होती आणि तिनं नजर खाली केली नाही.

"कोणाचा अंगठा हाय तो, पंजाबराव?" पुढून चंपाबाईंनी विचारलं.

माईक चालू होता. पंजाबरावांनी चष्मा नीट केला.

"निताचा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "आपल्या वाचनालयातल्या पोरीचा."

"कोणत्या? तुमच्या का माह्या सुनेच्या?"

विहारात हसू पसरलं. पंजाबरावांनी कागद दोन्ही हातांनी ताणून धरला, अंगठ्याच्या बाजूनं जरा जास्तच घट्ट, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.